सिरिंज नितळ दिसते, पण औषध शाबूत आहे का?

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात गिळणं थांबलं, तरी रुग्णाला गावीच ठेवता येतं. वेदनेसाठी मॉर्फिन, मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल आणि तळमळीसाठी मिडाझोलाम एकाच सिरिंजमध्ये भरून, बटरफ्लाय सुईने (पंखांसारख्या पकडीची बारीक सुई) कातडीखाली छोट्या पंपाने २४ तासांत संथपणे सोडतात. या तिघांचं जमतं, कारण तिन्ही द्रावणं आम्लधर्मी आहेत.

बिघडतं ते डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड मिसळल्यावर. मिडाझोलामच्या इंजेक्शनचा सामू (pH, आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ च्या आसपास असतो. तेवढ्या आम्लात त्याच्या काही रेणूंचं एक कडं उघडं राहतं, म्हणून ते पाण्यात विरघळतं. डेक्सामेथासोन पडलं की सामू चढतो, कडं मिटतं आणि सिरिंज दुधाळ होते. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं नेमकं उलट, त्याचा आम्लात साका होतो. ते या मिश्रणात कधीच नको. डेक्सामेथासोनचा परिणाम लांब टिकतो. सकाळी एकदा वेगळं टोचलं तरी भागतं.

दुधाळ सिरिंज निदान दिसते तरी, फेकून देता येते. घशातली घरघर कमी करणारं ग्लायकोपायरोलेट जास्त फसवं. सामू ६ च्या वर गेला की त्याच्या रेणूचे भाग जोडणारा एस्टर बंध तुटू लागतो. रंग तोच, गाळ नाही, औषध मात्र घटत जातं.

भरताना आधी इंजेक्शनचं पाणी घ्यावं. सलाईनमध्ये हॅलोपेरिडॉल दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमहून दाट झालं, तर क्लोराइडमुळे स्फटिक धरू शकतं. मग डॉक्टरांनी लिहिलेलं एकेक औषध सोडून, दरवेळी सिरिंज हलकेच उलटसुलट करावी आणि आधी पांढऱ्या, मग काळ्या कापडासमोर धरून बघावी. मिश्रण पातळ असलं की साक्याची भीती कमी आणि सुईजवळची जळजळही कमी.

आता ऊन. टिकाऊपणाचे बरेच तक्ते २५ अंशांवरच्या चाचण्यांचे असतात. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो, आणि टिनाचं घर कवेलूच्या घराहून जास्त तापतं. ढोबळ नियमाने दर १० अंशांमागे विघटनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या फरकाला चौपट ते नऊपट! अशा दिवसांत २४ तासांऐवजी १२ तासांची सिरिंज भरलेली बरी. पंप खिडकीत किंवा अंथरुणात नको. उजेड लागू नये म्हणून कापडी पिशवीत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवावा, पण कुलरच्या ओल्या जाळीला टेकवू नये. भरलेली सिरिंज फ्रिजमध्येही नको, दाट मॉर्फिन गारठ्यात स्फटिक होऊन नळीत अडकू शकतं.