उतारावर गिअर आपल्या हातात
ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरच्या दांड्याशेजारी अधिक-उणेची खूण असते. दांडा तिकडे नेला की गिअर आपण वर-खाली करायचे, हा 'मॅन्युअल' प्रकार. गाडी नवी असताना हौशी माणूस सपाट रस्त्यावर दांडा एकदोनदा मागेपुढे करून बघतो, 'यात काय विशेष' म्हणतो आणि पुन्हा 'डी'वर, म्हणजे गिअर गाडीनेच टाकायच्या खुणेवर येतो. त्याचं फारसं चुकत नाही. सपाट रस्त्यावर गाडीतला संगणक आपल्यापेक्षा बरे गिअर टाकतो. त्याची फजिती होते ती उतारावर.

उतार लागला की आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. संगणक समजतो, इंजिनाला आता काम उरलं नाही. मग तो वरचा गिअर टाकतो आणि गाडी मोकाट सुटते. (काही गाड्यांना उतार ओळखता येतो, पण पुढच्या वळणानंतर तो किती लांब आहे, हे आपल्यालाच ठाऊक.)

थोडा हिशेब करू. चाकाचा परीघ २ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजेच चाकाचे ५०० फेरे. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन अडीच वेळा फिरत असेल, तर इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा १२५० वर दिसेल. तिसऱ्या गिअरमध्ये सहा वेळा फिरत असेल, तर ३००० वर. आता चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि ते काम सोपं नसतं. पाय उचललेला असल्यामुळे पेट्रोल इंजिनाची हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढू बघतो, ती मिळत नाही. पिचकारीच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या ओढून पाहा, तो विरोध हाताला कळेल. हाच विरोध गाडीला आवरतो, आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जास्त, म्हणून तो जास्त. आवाज वाढला म्हणून पेट्रोल जळतंय असंही नाही. अशा वेळी आजकालची इंजिनं इंधन बंदच करतात.

गाडी आवरायचं हे काम ब्रेकवर सोपवलं तर? १५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली की सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत २० लिटर साधं पाणी उकळायला लागेल. तापलेल्या ब्रेकची पकड सैल होते. ब्रेकमधलं तेल हवेतलं पाणी शोषून जुनं झालेलं असेल, तर ते लवकर उकळतं. वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं.

जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत यासाठी '२' आणि 'एल' अशा, गाडीला खालच्या गिअरमध्येच ठेवणाऱ्या खुणा असायच्या. १९९० च्या सुमारास पोर्शने 'टिपट्रॉनिक' आणलं, तेव्हापासून अधिक-उणे रुळलं. नाव मॅन्युअल असलं, तरी आपण करतो तो फक्त अर्ज. संगणक आधी वेग तपासतो, मंजुरी दिली तर तेलाच्या दाबाने एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. ताशी १०० च्या वेगात दुसरा गिअर मागितलात आणि त्यात चाकाच्या फेऱ्यामागे इंजिन नऊ वेळा फिरणार असेल, तर काटा ७५०० वर जाईल. अर्ज नामंजूर! डॅशबोर्डवर एखादी टिकटिक ऐकू येते, इतकंच. म्हणून आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग एकेक गिअर उतरवायचा. रस्ता निसरडा असेल तर हे काम आणखी हळुवारपणे, कारण इंजिनाची ओढ चाकं घसरवू शकते.

आणखी एक गोष्ट मागच्या गाडीसाठी. इंजिनाने गाडी मंदावली की ब्रेकचा लाल दिवा लागत नाही. गिअर उतरवताना ब्रेकच्या पेडलला नुसता पाय लावला, तरी मागच्याला कळतं.