बंद दाराआडचा दिवस : कॅथलिक मठवासिनींच्या एकांताची पार्श्वभूमी

कॅथलिक सिस्टर म्हटलं की शाळा आणि दवाखाने डोळ्यांसमोर येतात. पण चर्चमध्ये त्याहून कितीतरी जुनी अशी एक परंपरा आहे. त्यातल्या स्त्रिया शिकवत नाहीत, रुग्णसेवा करत नाहीत आणि गंभीर कारणाशिवाय मठाचा उंबरठाही ओलांडत नाहीत. प्रार्थना हेच त्यांचं काम. यांना कुणी कोंडून ठेवलंय का, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतोच. काही काळात, काही जणींच्या बाबतीत, त्याचं उत्तर खरोखर ‘हो’ असंच आहे. पण ज्यांनी ही परंपरा घडवली, त्या स्वतःहून आत गेल्या, आणि आतलं जगणं कसं असावं हे आपणच ठरवावं म्हणून त्यांनी मोठमोठ्या सत्ताधाऱ्यांपुढे हट्ट धरला.

सुरुवातीला भिंत होती ती संरक्षणासाठी. आजच्या फ्रान्समधल्या आर्ल शहराबाहेर बिशप सेझेरियस यांनी स्त्रियांसाठी मठ बांधायला घेतला होता. सहाव्या शतकाच्या आरंभी शहराला वेढा पडला, त्यात तो उद्ध्वस्त झाला. मग मठ तटबंदीच्या आत आला आणि त्यांची बहीण सेझेरिया तिथली प्रमुख झाली. सेझेरियस यांनी या मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत : आत आलेल्या स्त्रीने मरेपर्यंत बाहेर पडू नये, आणि प्रत्येकीने लिहा-वाचायला शिकावं. त्या काळात दुसऱ्या अटीचं मोल किती होतं, हे वेगळं सांगायला नको.

याच शतकात संत बेनेडिक्ट यांची नियमावली आली आणि दिवसाला घडी बसली. ‘दिवसातून सात वेळा मी तुझी स्तुती करतो’ या स्तोत्रातल्या ओळीवरून प्रार्थनेचे प्रहर ठरले, आणि दीडशे स्तोत्रं आठवड्यात पूर्ण करायची असा दंडक पडला. मठातला दिवस आजही याच चौकटीत चालतो. पहाटेच्या प्रार्थनेने तो सुरू होतो, रोजची मिस्सा (भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याचा कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) होते आणि मधल्या प्रहरांना घंटा झाली की हातातलं काम टाकून सगळ्या प्रार्थनेला जमतात. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. मधल्या वेळात बायबलचं संथ, मननपूर्वक वाचन आणि श्रम : मिस्सेसाठी लागणाऱ्या पातळ भाकऱ्या भाजणं, धर्मगुरूंची वस्त्रं शिवणं, बाग, स्वयंपाक. बाहेरच्या जगाशी देवघेव व्हायची ती बऱ्याच मठांत भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी कपाटातून. बाहेरच्याने वस्तू ठेवायची, आतलीने कपाट फिरवून घ्यायची. कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही. स्पेनमधल्या काही मठांत सिस्टरांनी केलेली मिठाई आजही अशीच विकली जाते.

1298 मध्ये पोप आठवे बोनिफास यांनी सर्वच मठवासिनींना बंदिवास सक्तीचा केला. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये तो नियम पुन्हा बजावला. इथे मात्र कोंडण्याची बाजू खरी होते. इटलीतल्या श्रीमंत घरांना मुलीच्या लग्नाच्या हुंड्यापेक्षा मठाला द्यायची रक्कम स्वस्त पडे, त्यामुळे कितीतरी मुली मनाविरुद्ध आत ढकलल्या गेल्या. त्याच परिषदेने अशी सक्ती करणाऱ्यांना चर्चमधून बहिष्काराची शिक्षा सांगितली, यावरून हा प्रकार किती बोकाळला होता ते कळतं.

असिसीच्या संत क्लारा यांची लढाई याआधीची. मठाने जमीनजुमला ठेवावा, म्हणजे पोटाची सोय होईल, असा पोपांचा आग्रह होता. क्लारांना संपूर्ण दारिद्र्यच हवं होतं. त्यांनी स्वतः लिहिलेल्या नियमावलीला 9 ऑगस्ट 1253 रोजी मान्यता मिळाली. दोनच दिवसांनी त्यांनी देह ठेवला.

मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेजा. त्या आधी ज्या मठात राहत होत्या तिथे शंभराहून अधिक स्त्रिया होत्या. खानदानी घरच्यांना स्वतंत्र दालनं, गरिबांना सामाईक खोली, आणि पाहुण्यांची सततची ये-जा. 1562 मध्ये त्यांनी संत योसेफाच्या नावाने छोटासा मठ काढला. संख्या मुद्दाम मोजकी ठेवली, घराण्याच्या पदव्या बंद केल्या, दिवसातून दोन तास निःशब्द प्रार्थना ठरवली आणि तिच्याबरोबर मनमोकळ्या गप्पांचीही वेळ नेमून दिली. दार त्यांनी अधिक घट्ट लावलं, कारण उमराव आणि आश्रयदाते आत शिरले की शांतता आणि समानता दोन्ही जातात, हे त्यांनी अनुभवलं होतं. स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही देव वावरतो, असं त्यांनी आपल्या सिस्टरांना लिहून ठेवलं आहे. मला तरी या सगळ्या साधनेचं मर्म तिथेच सापडतं.

अठराव्या शतकात प्रश्न उलटा झाला : या बायकांचा उपयोग काय? सम्राट दुसरे जोसेफ यांनी 1782 पासून ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातले शेकडो ‘निरुपयोगी’ मठ बंद केले. फ्रान्समध्ये क्रांतीने व्रतंच रद्द केली. कोम्पिएन्य गावातल्या कार्मेल मठातल्या, म्हणजे आविलाच्या तेरेजांच्याच संघातल्या, सोळा जणींनी एकत्र राहणं आणि प्रार्थना सोडली नाही. 17 जुलै 1794 रोजी पॅरिसमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. गिलोटिनकडे जाताना त्या गात होत्या. उपयोगाच्या प्रश्नाला चर्चने आपलं उत्तर 1927 मध्ये दिलं : पंधराव्या वर्षी मठात जाऊन चोविसाव्या वर्षी तिथेच वारलेल्या लिस्यूच्या संत तेरेजा यांना मिशनकार्याच्या आश्रयदात्या घोषित केलं. प्रार्थनेला अंतर नसतं, ही त्यामागची श्रद्धा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65 मधली चर्चची सुधारणा परिषद) लॅटिनऐवजी लोकभाषेत प्रार्थना आली, अनेक मठांत पाहुण्यांच्या आणि सिस्टरांच्या मधे असलेले गज निघाले, प्रार्थनेच्या आणि कष्टाच्या सिस्टर असा जुना भेदही गेला. 2018 च्या नियमांनुसार अंतिम व्रतांपूर्वी किमान नऊ वर्षांची तयारी लागते. हा काळ मनाविरुद्ध आत ढकलल्या गेलेल्या त्या मुलींना कधीच मिळाला नव्हता. युरोपातल्या अनेक मठांत आता थोड्याच वृद्ध सिस्टर उरल्या आहेत. कायम व्रतं घेतलेल्यांची संख्या पाचवर आली, की मठाला आपली प्रमुख निवडण्याचा अधिकार राहत नाही. आणि केवळ मठ टिकावा म्हणून परदेशातून मुली आणू नयेत, असं पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्येच स्पष्ट बजावलं आहे.