भिंतीलगतच्या वेगवान संक्षुब्ध हवाप्रवाहाचे संगणकीय सदृशीकरण

विमान, रॉकेट किंवा टर्बाइनचे पाते यांच्या पृष्ठभागाला लागून ध्वनीच्या जवळपास अथवा त्याहून अधिक वेगाने वाहणाऱ्या, भोवऱ्यांनी भरलेल्या हवेचे वर्तन गतिसमीकरणे सोडवून संगणकावर उभे करण्याची पद्धत. संगणकीय द्रायुयामिकीची (द्रव-वायूंच्या प्रवाहांच्या संगणकीय अभ्यासाची), म्हणजे सीएफडीची, ही एक शाखा. पृष्ठभाग पंखाचा असो वा पात्याचा, या विषयात त्याला सरसकट ‘भिंत’ म्हणतात. घर्षणामुळे रोध किती होईल, भिंत किती तापेल आणि प्रवाह तिच्यापासून कुठे सुटेल, हे तीन प्रश्न सोडवण्यासाठी हा सारा खटाटोप असतो.

भिंतीला टेकलेल्या हवेचा भिंतीच्या सापेक्ष वेग शून्य असतो आणि थोड्याच अंतरावर तो पूर्ण वेगाला पोहोचतो. मधल्या या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. त्याची कल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. वेग आणि लांबी वाढली की (म्हणजेच रेनॉल्ड्स अंक वाढला की) हा थर संक्षुब्ध होतो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी श्यानता, म्हणजे हवेचा आंतरिक चिकटपणा, त्यांची ऊर्जा उष्णतेत विरवून टाकते.

गणनाची खरी अडचण भिंतीच्या अगदी कडेला आहे. १० किमी. उंचीवर सेकंदाला २५० मी. वेगाने जाणारे विमान घेऊ. त्याच्या पृष्ठभागावर, प्रवाह सुरू होतो त्या कडेपासून ५ मी. मागे, सीमास्तर ५ ते ६ सेंमी. जाड असतो. भिंतीजवळची अंतरे मात्र श्यानता आणि भिंतीवरचे घर्षण यांतून निघणाऱ्या एककात मोजतात. या एककातील अंतराला ‘वाय प्लस’ म्हणतात. आपल्या उदाहरणात हे एकक ४ मायक्रोमीटरच्या आसपास येते. पहिल्या ५ एककांत, म्हणजे जेमतेम २० मायक्रोमीटरमध्ये, श्यानतेचेच राज्य असते आणि वेग अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो. साधारण ३० एककांपलीकडे थिओडोर फोन कारमान यांनी १९३० मध्ये मांडलेला लॉगरिथमी नियम लागू होतो, म्हणजे वेग अंतराच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढतो. या दोहोंमधल्या पट्ट्यात, भिंतीपासून सुमारे १२ एककांवर, संक्षोभाची निर्मिती सर्वाधिक होते. १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लाइन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे सोडून पाहिले, तेव्हा भिंतीलगत मंद आणि वेगवान प्रवाहाचे लांबट पट्टे आलटून पालटून दिसले. दोन मंद पट्ट्यांतले अंतर सरासरी १०० एकके, म्हणजे आपल्या विमानावर ०.४ मिमी. संपूर्ण पृष्ठभागावर असे पट्टे क्षणोक्षणी उठत-मोडत असतात, आणि रोधाचा हिशेब त्यांच्यापासूनच सुरू होतो.

गणनासाठी अवकाश जाळीत, म्हणजे मेशमध्ये, विभागतात. भिंतीलगतची पहिली पेटी सुमारे १ एकक उंच ठेवावी असा प्रघात आहे. त्याची किंमत वेळेतही मोजावी लागते. साध्या, म्हणजे एक्सप्लिसिट पद्धतीत एका कालपावलात ध्वनितरंगाने एका पेटीहून फार पुढे जाता कामा नये. ४ मायक्रोमीटरच्या पेटीसाठी ही मर्यादा सेकंदाच्या सुमारे १३ अब्जांश भागाइतकी भरते. हवेला ते ५ मी. अंतर कापायला २० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यासाठी जवळपास १५ लाख पावले टाकावी लागतात.

म्हणून पद्धतींची निवड हा मूलतः भिंतीजवळचे किती सोडवायचे आणि किती गृहीत धरायचे याचा निर्णय असतो. प्रत्यक्ष सदृशीकरणात (डीएनएस) काहीच गृहीत धरत नाहीत; सर्वांत लहान भोवराही जाळीत पकडतात. किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ मध्ये दोन समांतर भिंतींमधला प्रवाह असा सोडवला, तेव्हा जाळीत सुमारे ४० लाख बिंदू होते. ली आणि मोझर यांच्या २०१५ च्या गणनात ते १२ हजार कोटींच्या घरात गेले. दोन्ही गणने असंपीड्य, म्हणजे घनता न बदलणाऱ्या, प्रवाहाची होती. वेगवान हवेत घनता आणि तापमानही सोडवावे लागते. दुसऱ्या टोकाला रेनॉल्ड्स यांच्या १८९५ च्या कल्पनेवर आधारलेली सरासरी पद्धत (रॅन्स) आहे. तिच्यात सगळे भोवरे प्रतिमानावर, म्हणजे त्यांच्या परिणामाचा अंदाज देणाऱ्या सूत्रांवर, सोपवतात. स्पालार्ट–आल्मारास (१९९२) आणि मेंटर यांचे एसएसटी (१९९४) ही प्रतिमाने विमान उद्योगात आजही रोज वापरली जातात. प्रवाह भिंतीला चिकटून असेल तोवर त्यांवर भरवसा ठेवता येतो. तो सुटू लागला की उत्तर प्रतिमानागणिक बदलते.

या दोहोंच्या मध्ये मोठे भोवरे सोडवून लहानांचे प्रतिमान करणारी पद्धत (एलईएस) येते. स्मागोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये ती हवामानाच्या गणनासाठी मांडली. भिंतीजवळ मात्र ‘मोठे’ भोवरेच इवलेसे होतात, आणि पद्धतीचा फायदा तिथेच आटतो. चोई आणि मोइन यांच्या २०१२ च्या अंदाजातील घातांक लावले, तर रेनॉल्ड्स अंक दहापट झाल्यावर जाळीचे बिंदू डीएनएसमध्ये सुमारे ४४० पट वाढतात, भिंतीपर्यंत सोडवलेल्या एलईएसमध्ये सुमारे ७० पट, आणि भिंतीलगतचा भाग प्रतिमानाने झाकला तर फक्त १० पट. संपूर्ण विमानाच्या गणनासाठी भिंत-प्रतिमानाची वाट आज सर्वांत आशादायक वाटते ती या आकड्यांमुळे.

वेग वाढला की उष्णता येते. −५३° से. तापमानाच्या हवेतून माख ५ ने, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाने, जाणाऱ्या वस्तूची भिंत उष्णतारोधक असेल, तर ती सुमारे ९२५° से. पर्यंत तापू शकते. दाब सीमास्तरात आडवा जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे भिंतीलगतची घनता बाहेरच्या साडेपाचपट कमी होते. तरीही संक्षोभाची मूळ रचना फारशी बदलत नाही, असे मोर्कोविन यांनी १९६२ मध्ये सुचवले. माख ५ पर्यंतच्या साध्या सीमास्तरांसाठी हे गृहीतक बरेच टिकले आहे. व्हान ड्रीस्ट यांच्या १९५१ च्या रूपांतराने घनतेतला बदल हिशेबात घेतला की वेगाचा आलेख पुन्हा जुन्या लॉगरिथमी नियमाजवळ येतो. भिंत खूप थंड ठेवलेली असेल तर हे रूपांतर चुकते. त्यावर ट्रेटेल आणि लार्सन यांनी २०१६ मध्ये, तर ग्रिफिन, फू आणि मोइन यांनी २०२१ मध्ये नवी रूपांतरे दिली.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे आघात तरंग (ध्वनीहून वेगवान प्रवाहात दाब एकदम उडी घेतो तो पातळ पट्टा) सीमास्तरावर आदळणे. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी विल्यम नाइट यांनी एक्स-१५ हे अमेरिकेचे रॉकेट-विमान माख ६.७ पर्यंत नेले. पोटाखाली लावलेल्या नकली इंजिनाजवळचे आघात तरंग त्याच्या आधारखांबावर पडले. त्या उष्णतेने खांबाला भोके पडली आणि उतरण्यापूर्वी ते नकली इंजिन तुटून गेले. अशा प्रवाहाचे गणन करताना दोन परस्परविरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. आघात तरंगाची उडी आवरायला सूत्रात कृत्रिम क्षय लागतो, पण तोच क्षय लहान भोवरे पुसून टाकतो. यावर उपाय म्हणून आघाताचा सुगावा लागेल तिथेच क्षयकारी सूत्र आणि इतरत्र क्षयरहित सूत्र वापरतात. शिवाय आघाताखाली सुटलेल्या प्रवाहाचा बुडबुडा भोवऱ्यांच्या मानाने शंभरेक पट संथ गतीने फुगतो आणि आकसतो. त्याची काही आवर्तने पाहायची, तर आधीच कोट्यवधी पेट्यांचे असलेले गणन कित्येक पट जास्त काळ चालवावे लागते.