चॉसर लिहितो, 'मी' सांगतो

'चॉसरला मठवासी आवडतो, म्हणून त्याने त्याची स्तुती केली आहे.' चॉसर या इंग्रज कवीच्या 'कँटरबरी टेल्स' या काव्यातल्या एका पात्राबद्दलचं हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलं आहे की आता ते दिसलं की पेन खाली ठेवते. मुलांवर राग नाही. गाइडांतही असंच छापलेलं असतं.

'कँटरबरी टेल्स'चा सांगाडा बहुतेकांना माहीत असतो. 1387च्या सुमारास लिहायला घेतलेलं काव्य. लंडनजवळच्या सदर्कमधली टॅबर्ड सराई. कँटरबरीला थॉमस बेकेट या संताच्या समाधीकडे निघालेले यात्रेकरू. वाटेत गोष्टी सांगायची पैज. ठरल्या होत्या शंभरावर, झाल्या 24, त्यातल्याही काही अर्ध्याच. भाषेबद्दल एकच सांगते: ही 'जुनी इंग्रजी' नव्हे. ती 'बेवुल्फ' या कितीतरी आधीच्या महाकाव्याची. चॉसरची मध्ययुगीन इंग्रजी मोठ्याने वाचली की बरीचशी ओळखीची वाटते.

खरी अडचण 'मी' या शब्दाची आहे. या काव्यात एक 'मी' आहे. तोही यात्रेला निघालेला आहे, सराईत सगळ्यांशी बोलतो आणि कोण कसा दिसला ते आपल्याला सांगतो. हा निवेदक. त्याला घडवणारा कवी वेगळा. कवी लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर अधिकारी होता; माणसं कशी बोलतात आणि काय लपवतात हे रोज पाहणारा. निवेदक मात्र भाबडा. समोरचा जे सांगेल ते त्याला पटतं.

मठवासीच पाहा. मठाचे नियम त्याला जुनाट वाटतात. पुस्तकात डोकं घालून वेड कशाला लावून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे उमदे घोडे आहेत, बाह्यांना उंची फर आहे, त्याला शिकारीचा नाद आहे आणि भाजलेला लठ्ठ हंस त्याच्या विशेष आवडीचा. हे सांगता सांगताच 'मी' म्हणतो, त्याचं मत बरोबर आहे असं मी म्हणालो. हे मत निवेदकाचं. घोडे, फर आणि हंस एकापाठोपाठ एक मांडले ते कवीने, आणि त्याचा निवाडा त्या मांडणीत आहे. ननांच्या मठाची प्रमुख सापळ्यातल्या उंदरासाठी रडते, आपल्या कुत्र्यांना भाजलेलं मांस आणि पांढरा पाव घालते. निवेदक याला कोमल अंतःकरण म्हणतो. तिच्या दयेच्या या वर्णनात माणूस मात्र एकही येत नाही, आणि ती जागा कवीने रिकामी ठेवली आहे.

ही फारकत कवीला किती हवी होती याचा पुरावा पुढे मिळतो. 'मी'वर गोष्ट सांगायची पाळी येते तेव्हा तो सर थोपास नावाच्या सरदाराचं इतकं रटाळ यमकी गाणं सुरू करतो की सोबत आलेला सराईवाला त्याला मध्येच थांबवतो. बाकी सगळ्यांच्या तोंडी गोष्टी घालणाऱ्या कवीने सगळ्यांत फसलेली कविता स्वतःच्या प्रतिनिधीला दिली.

म्हणून मुलांसाठीच्या ज्या संक्षिप्त आवृत्त्या 'मी' काढून टाकून 'एक मठवासी होता' अशी सुरुवात करतात, त्या मला अजिबात चालत नाहीत. गोष्ट उरते, सांगणारा जातो. पात्रांच्या गुणदोषांचे तक्तेही मी वर्गात करून घेत नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगते: डावीकडे 'मी'ने काय पाहिलं, उजवीकडे त्यावर तो काय म्हणाला. आठवीतल्या मुलांनाही दोन्ही बाजू जुळत नाहीत हे दहा मिनिटांत दिसतं. 'उपरोध' हा शब्द मी त्यानंतरच फळ्यावर लिहिते.

व्यापारी मी मुद्दाम शेवटी ठेवते. हा माणूस कर्जात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असं 'मी' सांगतो. मग त्याला कसं कळलं? इथे मुलं थबकतात आणि हे वाक्य रेघेच्या कोणत्या बाजूला लिहायचं यावरून भांडतात. मी त्यांना भांडू देते.