गावात टीव्ही गेम आला तो कसा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या गावांत नव्वदीच्या दशकात जो 'टीव्ही गेम' आला, त्याच्या डब्यावर नाव कोणतंही असो, आतलं यंत्र एकाच घराण्यातलं होतं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा डबा बाजारात आणला. तो घडवला मासायुकी उएमुरा या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. आमच्याकडच्या डब्यांवर हे नाव कधी दिसलं नाही, म्हणून ते आधी सांगायला हवं.

हेच यंत्र अमेरिकेत १९८५ मध्ये एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) म्हणून गेलं. तेव्हा कंपनीची परवानगी नसलेल्या गेमच्या कॅसेट चालू नयेत म्हणून त्यात कुलुपाची चिप बसवली. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. त्यामुळे तैवानमध्ये त्याच्या नकला निघू लागल्या. मायक्रो जीनियस हे त्यातलं गाजलेलं नाव. पुढे अख्खं यंत्र एका चिपवर मावू लागलं आणि किंमत उतरली. नक्कल होती हे खरंच, पण ती नसती तर कापूस विकून दिवाळीची खरेदी करणाऱ्या घरात हा डबा आलाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं असायचं. खरे गेम मोजकेच. तेच पुन्हापुन्हा, फक्त सुरुवात वेगळ्या लेव्हलपासून. त्यात रणगाड्यांचा गेम हमखास असे. तो नाम्को या जपानी कंपनीचा १९८५ चा 'बॅटल सिटी', जेमतेम २४ किलोबाइटचा, म्हणून कुठेही मावायचा. दोघांनी मिळून आपल्या तळावरचा गरुड शत्रूच्या रणगाड्यांपासून वाचवायचा. दोन पोट्टे खेळत आणि बाकीचे मागून ओरडत.

त्याच वर्षीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. आकार ४० किलोबाइट. जागा इतकी कमी की त्यातले ढग आणि झुडपं यांचं चित्र एकच आहे, रंग फक्त बदललेला. नीट पाहिलं की लगेच लक्षात येतं, आणि मला ही त्या माणसांची सगळ्यात मोठी करामत वाटते.

मारिओत खेळ जपून ठेवायची सोयच नव्हती. आठव्या दुनियेत पोचलेल्या पोराची लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. भारनियमनाच्या वर्षांत त्यामुळे वेळापत्रक पाहूनच डाव मांडला जाई.

निन्टेन्डोने २००३ मध्ये फॅमिकॉम बनवणं थांबवलं. नकला त्यानंतरही विकल्या गेल्या, पण 'डक हंट'सारख्या गेममध्ये पडद्यावरची बदकं मारायची बंदूक सपाट टीव्हीवर चालेना. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं आणि नेम चुकला असंच यंत्र धरतं.