एकांगी दुर्लक्ष व त्याचे पुनर्वसन

मेंदूला इजा झाल्यावर शरीराच्या व भोवतालच्या अवकाशाच्या एका बाजूचे भान हरपणे म्हणजे एकांगी दुर्लक्ष. पक्षाघाताने मेंदूचा उजवा गोलार्ध बाधित झाला, तर ते अधिक तीव्र व चिवट असते आणि हरवते ती डावी बाजू. रुग्ण ताटातले उजवीकडचेच अन्न खातो, अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो, दाराच्या डाव्या चौकटीला धडकतो.

दोष डोळ्यांचा नसतो. अर्धी दृष्टी गेलेला माणूस उणीव ओळखून मान वळवायला शिकतो. येथे डावीकडे काही आहे हेच मनात येत नाही. १९७८ मध्ये बिझियाक आणि लुझाट्टी या संशोधकांनी इटलीतील मिलान शहरातल्या रुग्णांना तिथल्या कॅथीड्रलपुढचा (मोठ्या चर्चपुढचा) चौक आठवून सांगायला लावला. कॅथीड्रलकडे तोंड केल्याची कल्पना करून त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. कॅथीड्रलकडे पाठ केल्याची कल्पना करताच मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि आधीच्या गळाल्या. आठवणीतही डावी बाजू निसटते ती अशी.

म्हणून ‘डावीकडे बघा’ असे नुसते सांगून भागत नाही. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावतात आणि ती दिसल्याशिवाय ओळ वाचायची नाही, अशी सवय लावतात. डाव्या हाताची थोडीशी हालचालही, ती डाव्या बाजूलाच केली तर, लक्ष तिकडे ओढते. प्रिझम-चष्म्यात दृश्य सुमारे १० अंश उजवीकडे सरकते. तो लावून रुग्ण समोरच्या खुणेवर वारंवार बोट ठेवतो. चष्मा काढल्यावर हात काही काळ डावीकडे झुकतो आणि त्याबरोबर लक्षही तिकडे वळावे, हा हेतू. रोसेटी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलेल्या या उपायाचा दैनंदिन कामांतील लाभ मात्र सर्व चाचण्यांत सारखा आढळलेला नाही.

पक्षाघाताच्या काही रुग्णांत आणखी एक अडचण दिसते: ते बसताना किंवा उभे राहताना धडधाकट हातापायाने स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलतात. डोळे मिटलेले असताना, शरीर इजा झालेल्या गोलार्धाच्या बाजूला सरासरी १८ अंश कललेले असेल तेव्हाच आपण सरळ आहोत असे अशा रुग्णांना वाटते, असे कार्नाथ व सहकाऱ्यांना २००० मध्ये आढळले. दिसणाऱ्या वस्तूंची उभी रेघ मात्र त्यांना ठीक ओळखता येत होती. त्यामुळे धरून सरळ करू गेल्यास विरोध वाढतो. दाराची चौकट दाखवून स्वतःचा कल त्यांनाच ओळखू देणे बरे.

सराव डावीकडे, पण मदतीची घंटा उजवीकडेच ठेवावी.