पाण्याने आखलेले परगणे

ओआहू हे हवाईच्या राज्यातले एक बेट. त्याचे सहा मोकू, म्हणजे परगणे: कोना, एवा, वायानाए, वायालुआ, कोओलाउलोआ आणि कोओलाउपोको. प्रत्येक मोकूत अनेक अहुपुआआ. अहुपुआआ हा साधारण आपल्या गावशिवाराएवढा भाग, पण त्याची हद्द डोंगरमाथ्यावर सुरू होऊन थेट समुद्रातल्या प्रवाळाच्या कडेपर्यंत जाई.

अशा उभ्या पट्ट्यांमागे पाऊस आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगर चढताना ओलावा सोडतात आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. काउआई बेटावर वाइआलेआले शिखराजवळ वर्षाला सुमारे १०,००० मिलिमीटर पाऊस, तर त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ५००. सह्याद्रीची पर्जन्यछाया ओळखणाऱ्यांना हे नवे नाही. जमीन आडवी कापली असती तर एकाच्या वाट्याला नुसते जंगल आले असते, दुसऱ्याच्या नुसती वाळू. उभ्या पट्ट्यात होडीसाठी लाकूड, शेती आणि मासळी तिन्ही मिळत.

मुख्य पीक कालो. हा आपला अळूच, पण तिथे तो प्रामुख्याने कंदासाठी लावतात. ओढ्याचे पाणी पाटाने खाचरांत घ्यायचे, एकातून दुसऱ्यात फिरवायचे आणि उरलेले परत ओढ्यात सोडायचे. पाणी साचून तापले की कंद कुजतो, त्यामुळे ते वाहते ठेवावेच लागे. हेच पाणी पुढे पोषक द्रव्ये घेऊन किनाऱ्यावरच्या दगडी बांधाच्या मत्स्यतळ्यांत उतरे. तळ्याच्या लाकडी झडपेच्या फटींतून माशांची पिल्ले आत शिरत, शेवाळ खाऊन मोठी होत आणि मग त्यांना त्याच फटींतून बाहेर पडता येत नसे. ओआहूवरचे हेएइया तळे ८८ एकरांचे आहे. पाण्याची वाटणी आणि मासेमारीची बंदी कोनोहिकी हा कारभारी बघे.

पुस्तकांत अहुपुआआचे चित्र फार गोंडस काढतात: एक ओढा, एक पट्टा. सगळीकडे तसे नव्हते. या द्वीपसमूहातल्या हवाई नावाच्याच बेटावर काओहे या एकाच अहुपुआआने माउना केआचे शिखर व्यापले होते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या हद्दी खालीच थांबत. काऊ परगण्यातला काहूकू तर दीड लाख एकरांहून मोठा, त्यातला बराचसा लाव्हा.

१८४८च्या ‘महेले’ नावाच्या जमीनवाटपाने राजा, सरदार आणि सरकार यांच्यात जमिनी वाटल्या आणि जमीन खासगी मालकीची झाली. पुढे उसाचे मळे आले. उसाला डोंगरापलीकडचे पाणी हवे होते. १९१६ साली पूर्ण झालेल्या वायाहोले कालव्याने ते कोओलाउ डोंगरातल्या बोगद्यातून ओआहूच्या कोरड्या बाजूला नेले. ओल्या बाजूचे ओढे आटले, अळूची खाचरे सुकली. १९९०च्या दशकात तिथला साखर कारखाना बंद पडला आणि हे पाणी कुणाचे यावर वाद पेटला. २०००मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पाणी ही सार्वजनिक ठेव, म्हणजे सरकारने सगळ्यांसाठी सांभाळायची गोष्ट आहे. त्यातले काही पाणी आता पुन्हा जुन्या ओढ्यांतून वाहते.